एका डॉस प्रोग्रॅमचं स्थलांतर: जुना संगणक सुरू असतानाच तपासलेला एम्युलेटर

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या चाचणी प्रयोगशाळेचं आहे. धातूच्या पट्ट्या दोन्ही टोकांना पकडून ओढायच्या, त्या किती भाराला तुटतात आणि तुटण्याआधी किती ताणल्या जातात हे मोजायचं, हे तिथलं रोजचं काम. प्रयोगशाळा ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, पण तांत्रिक घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

ओढणारं यंत्र भक्कम होतं आणि त्याची अचूकता ठरलेल्या वेळी तपासून घेतली जात होती. त्याला जोडलेला संगणक मात्र ४८६डीएक्स२ जातीचा, ६६ मेगाहर्ट्झचा, ८ एमबी मेमरीचा होता. त्यावर एमएस-डॉस ६.२२ ही आज्ञा टाइप करून चालवायची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आणि एकच कामाचा प्रोग्रॅम होता. हा प्रोग्रॅम टर्बो पास्कल ७ या प्रोग्रॅमिंगच्या साधनात खास या प्रयोगशाळेसाठी लिहून घेतलेला. यंत्राकडून सीरियल पोर्टवर (बिट एकामागून एक पाठवणाऱ्या जोडणीवर) आकडे घ्यायचे, ते फाइलमध्ये ठेवायचे, दहा नमुन्यांच्या गटाची सरासरी काढायची आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर अहवाल छापायचा, इतकी त्याची कामगिरी. लिहिणारा माणूस केव्हाच सोडून गेला होता. सोर्स कोड सापडला नाही, हातात होती फक्त चालवायची फाइल.

वर्षानुवर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं, म्हणूनच त्याला कुणी हात लावला नाही. इथे कुणाचा निष्काळजीपणा होता असं मला वाटत नाही. जे चालतंय ते मोडू नये, हे प्रयोगशाळेत शहाणपणाचंच असतं.

अडचण

पहिली खूण तारखांनी दिली. मदरबोर्डवरची बॅटरी संपली आणि बंद करून सुरू केल्यावर संगणक १ जानेवारी १९८० ही तारीख दाखवू लागला. डॉसचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. सेटिंग पुसलं गेल्यामुळे हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तिची रचना सांगणारे आकडेही दर वेळी हाताने भरावे लागत. सुदैवाने ते डिस्कच्या लेबलावर छापलेले होते. मग डिस्क सुरू होताना घरघर येऊ लागली आणि सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

कुणीतरी प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन नव्या लॅपटॉपवर चालवून पाहिला. तो अर्थातच चालला नाही. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भागच नाही. त्याचं मूळ प्रोसेसरमध्ये आहे. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये हा भाग प्रोसेसरच्या व्हर्च्युअल-८०८६ मोडवर उभा होता, आणि प्रोसेसर ६४ बिटांच्या लाँग मोडमध्ये गेला की तो मोड उपलब्धच राहत नाही. त्यामुळे कंपॅटिबिलिटीचा पर्याय टिचकवून इथे काही साधत नाही. सगळा जुना प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये वठवावा लागतो, आणि एम्युलेटर म्हणजे नेमकं तेच.

आमच्याकडे प्रश्न आला तो असा: "हा प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालेल का?" पहिल्या बैठकीत आम्ही तो प्रश्न फोडला, कारण त्यात तीन वेगळ्या गरजा गुंडाळलेल्या होत्या. पुढच्या चाचण्यांचे आकडे यंत्रातून घेता यायला हवेत. जुन्या चाचण्यांच्या नोंदी वाचता यायला हव्यात. आणि जुन्या अहवालातला आकडा कसा आला असं कुणी विचारलं, तर तोच हिशेब पुन्हा करून दाखवता यायला हवा. या तिन्हींना एकच औषध लागू पडेल असं आधीच गृहीत धरायचं नाही, हा पहिला निर्णय. पुढचे सगळे निर्णय त्यातून निघाले.

आधी डिस्कची प्रत

एम्युलेटर निवडण्याआधी डिस्क वाचवायची होती. तोवर जुना संगणक फक्त गरजेपुरता सुरू करायचा, असं ठरलं. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लावली, तर अडॅप्टरने ती ओळखलीच नाही. इतक्या जुन्या आयडीई (तेव्हाच्या जोडणीच्या) डिस्कच्या बाबतीत हे नवल नाही. बरेचसे अडॅप्टर सेक्टरचे सरळ क्रमांक गृहीत धरतात आणि जुन्या डिस्कला ती भाषा येतेच असं नाही. मदरबोर्डवरच आयडीई जोडणी असलेला मधल्या पिढीतला एक संगणक शोधला, त्यावर लिनक्स सुरू केलं आणि जीएनयू डीडीरेस्क्यूने प्रत काढली.

हे साधन मला मनापासून आवडतं. साधी कॉपी खराब सेक्टरशी अडते आणि तिथेच डोकं आपटत राहते. त्यात मरणाऱ्या डिस्कचा उरलेला जीव जातो. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा नकाशा-फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. मध्येच वीज गेली तरी काम त्या नकाशावरून पुढे सुरू होतं. शेवटी थोडेच सेक्टर वाचायचे राहिले. ते कोणत्या फाइलचे आहेत हे तपासलं. चाचण्यांच्या नोंदींना किंवा प्रोग्रॅमला धक्का लागला नव्हता. ही तपासणी वगळली असती, तर पुढे दिसणाऱ्या प्रत्येक विसंगतीला एम्युलेटर कारण की डिस्क, हा घोळ कायम राहिला असता.

प्रतीचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे एक बाइट बदलला तरी बदलणारा ओळखीचा आकडा, काढून ठेवला, मूळ प्रत फक्त वाचण्यापुरती खुली ठेवली आणि पुढचं सगळं काम तिच्या प्रतींवर केलं. डिस्क परत संगणकात बसवली. संगणक पुन्हा सुरू झाला, आणि या कामाचं नशीब खरं तर तिथेच उघडलं.

तपासलेले पर्याय

प्रोग्रॅम नव्याने लिहून घ्यायचा, हा पर्याय सगळ्यात आधी पुढे आला. त्याला विरोध नव्हता, पण नवा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कशावरून ठरवणार? सोर्स कोड नाही आणि हिशेबाची सूत्रं कुठे लिहिलेली नाहीत. जुना प्रोग्रॅम कुठे तरी जिवंत असल्याशिवाय नव्याला ताडून बघायला मापच नव्हतं.

तसाच दुसरा जुना संगणक मिळवायचा, हा पर्याय लगेच बाजूला ठेवला. तोही त्याच वयाचा.

मग राहिले मुक्त स्रोताचे एम्युलेटर, आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. डॉसबॉक्स २००२ पासूनचा आहे आणि मूळ उद्देश खेळ चालवणं. त्यात डॉसच आतमध्ये वठवलेलं असतं, त्यामुळे वेगळं डॉस घालावं लागत नाही आणि लॅपटॉपवरचा फोल्डर सरळ डॉसचा ड्राइव्ह म्हणून जोडता येतो. त्याच्या कोडवरून निघालेल्या फांद्यांपैकी डॉसबॉक्स-एक्स छपाई आणि पोर्ट यांकडे जास्त लक्ष देतो. क्यूएमू हा फाब्रिस बेलार याने २००३ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. तो अनेक जातींचे प्रोसेसर वठवतो आणि त्यात खरं डॉस किंवा त्याचा मुक्त पर्याय फ्रीडॉस बसवावं लागतं. ८६बॉक्स हा पीसीएम नावाच्या एम्युलेटरपासून निघालेला. त्यात ठरावीक मदरबोर्ड, ठरावीक बायॉस (संगणक सुरू करणारा, रॉम चिपमधला प्रोग्रॅम), ठरावीक वेगाचा प्रोसेसर असा आख्खा संगणकच जुळवायचा असतो. बायॉसच्या रॉम फाइली वेगळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांच्या हक्कांचा प्रश्न वेगळा तपासावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्ससारखी साधनं यात बसत नव्हती. ती खऱ्या प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालतात आणि इथे वेग हीच अडचण होती.

वेगाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण टर्बो पास्कलचे जुने प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या प्रत्येकाची या भुताशी गाठ पडते. टर्बो पास्कलचं सीआरटी नावाचं युनिट (पडदा आणि कीबोर्ड हाताळणारा तयार कोड) प्रोग्रॅम सुरू होतानाच प्रोसेसर किती वेगवान आहे ते मोजतं. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं चक्र किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटांत मावेल असं लिहिणाऱ्यांनी धरलं होतं. प्रोसेसर वेगवान झाले, उत्तर मावेना, आणि प्रोग्रॅम पहिल्याच क्षणाला 'रनटाइम एरर २००' असं म्हणून मान टाकू लागला. ही चूक शून्याने भागल्याची म्हणून दाखवली जाते, त्यामुळे शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. फाइलमध्ये दुरुस्ती करणारे पॅच आहेत. पण आम्हाला प्रोग्रॅम साक्षीदार म्हणून हवा होता, आणि त्याचा एक बाइटही बदलायचा नाही असं ठरवलं होतं.

पहिला प्रयत्न: डॉसबॉक्स

सोपं ते आधी, म्हणून डॉसबॉक्सपासून सुरुवात केली. वेगाचं भूत तिथे लगेच उतरलं. सायकल्सचा आकडा, म्हणजे सूचना किती वेगाने चालवायच्या ते, ४८६ च्या अंदाजाने स्थिर ठेवला आणि प्रोग्रॅम उघडला. निळ्या पडद्यावरचा तो मेनू लॅपटॉपवर पाहताना प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी बोटांच्या सवयीनेच तिसरा पर्याय उघडला. जुन्या नोंदी दिसल्या, अहवालही पडद्यावर आला. अनेकांच्या लेखी काम इथेच संपलं होतं.

इथे निर्णयाचा खरा क्षण होता. प्रोग्रॅम चालला म्हणजे बरोबर चालला, असं धरायचं का? जुना संगणक अजून सुरू होत होता, म्हणून आम्ही तुलनेचा आग्रह धरला. वेगवेगळ्या काळातले गट निवडून त्यांचे अहवाल जुन्या संगणकावर नव्याने छापले, तेच अहवाल डॉसबॉक्समधून फाइलमध्ये काढले आणि ओळ न् ओळ ताडून पाहिली. प्रयोगशाळेतल्या काहींना हे वेळ घालवणं वाटलं. ते त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तरीही कागद लावून दिले याबद्दल त्यांचं कौतुक आहे.

शेवटच्या अंकातला फरक

बहुतेक अहवाल जुळले. काही थोड्या ठिकाणी सरासरी ताणाचा शेवटचा अंक वेगळा होता. एका गटात जुन्या संगणकाने ४.३९ मिलिमीटर छापलं होतं आणि लॅपटॉप ४.३८ म्हणत होता.

शतांशाचा फरक म्हणून सोडून देता आलं असतं. पण एकच प्रोग्रॅम, एकच फाइल, एकच आकडे, आणि तरी उत्तर वेगळं, हे प्रयोगशाळेत खपत नाही. फरक लहान आहे हा दिलासा तोपर्यंत पोकळ असतो, जोपर्यंत तो का पडला हे कळत नाही.

शोध नोंदींपासून सुरू केला. ताण मोजणारा गेज ०.०५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोजतो आणि प्रोग्रॅम फाइलमध्ये पायऱ्यांची पूर्णांक संख्या ठेवतो. या गटाच्या दहा नोंदींची बेरीज ८७७ पायऱ्या होती. ८७७ गुणिले ०.०५ भागिले १० म्हणजे बरोबर ४.३८५. अहवालात दोनच दशांश स्थळं, म्हणजे आकडा नेमका सीमारेषेवर. आणि हा योगायोग नव्हता. दहा नमुने आणि ०.०५ ची पायरी म्हटल्यावर सरासरी नेहमी ०.००५ च्या पटीत येणार, म्हणजे बेरीज विषम असली की दर वेळी आकडा या सीमेवरच बसणार.

आता संगणकाच्या पोटात ०.०५ ही संख्या नेमकी बसतच नाही, कारण द्विमान पद्धतीत ती अनंत आवर्ती होते. कुठे तरी तोडावी लागते. ४८६डीएक्स२ मधला गणिती विभाग हिशेब ८० बिटांत करतो आणि त्यातले ६४ बिट संख्येच्या अंकांसाठी असतात. म्हणजे दशमान अंक साधारण १९. नेहमीच्या ६४ बिटांच्या डबल प्रकारात अंकांसाठी ५३ च बिट मिळतात, म्हणजे साधारण १५ ते १६ दशमान अंक. डबलमध्ये ०.१ दहा वेळा मिळवला तर उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. तोच प्रकार इथे झाला. ८० बिटांच्या हिशेबात चूक इतकी खोल दडलेली होती की छापताना ४.३८५ हे ४.३८५ च ठरलं आणि वर गेलं. ६४ बिटांत त्याला नऊंची शेपटी फुटली आणि ते खाली आलं.

मग डॉसबॉक्सने ८० बिटांचं काम ६४ बिटांवर का भागवलं? उत्तर लॅपटॉपमध्ये होतं. त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा होता. ८० बिटांचा तो गणिती विभाग इंटेलच्या घराण्यातला आहे, एआरएममध्ये तो नसतो. डॉसबॉक्स अशा ठिकाणी डबलने काम चालवतो. खेळांसाठी ही तडजोड अगदी योग्य आहे, कारण तिथे वेग महत्त्वाचा आणि सोळाव्या अंकाकडे कुणी पाहत नाही. दोष डॉसबॉक्सचा नव्हता. ज्या कामासाठी तो बनला आहे त्यापेक्षा वेगळं काम आपण त्याला सांगत होतो.

दुसरा प्रयत्न: ८६बॉक्स

आता निवडीचा निकष बदलला. वेग आवरता यायला हवा, आणि ८० बिटांचं गणित बिट-न्-बिट वठवायला हवं. क्यूएमूमध्ये गणित सॉफ्टफ्लोट पद्धतीने होतं, म्हणजे ८० बिटांची प्रत्येक क्रिया पूर्णांकांच्या आधारे सॉफ्टवेअरमध्ये करतात. त्यामुळे यजमान प्रोसेसर (ज्यावर एम्युलेटर चालतो तो) कोणता याला महत्त्व राहत नाही. पण क्यूएमू सरळ चालवल्यावर एरर २०० समोर उभीच. 'आयकाउंट' या पर्यायाने सूचनांचा वेग बांधता येतो, तरी अमुक मेगाहर्ट्झचा ४८६ असा धरबंध त्यात नाही.

८६बॉक्समध्ये दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या. ६६ मेगाहर्ट्झचा ४८६डीएक्स२ निवडता आला, त्यामुळे सीआरटी युनिटचं मोजमाप जुन्या संगणकासारखंच आलं. गणितासाठी सॉफ्टफ्लोटचा पर्याय चालू केला. तो मुद्दाम चालू करावा लागतो, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. डिस्कची प्रत लावताना सिलिंडर, हेड, सेक्टर हे मूळ लेबलावरचेच आकडे दिले, कारण ते चुकले की डॉस सुरूच होत नाही. छपाईसाठी ईएससी/पी या आज्ञा समजणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर वठवण्याची सोय त्यात आहेच. अहवालाचं पान चित्राच्या फाइलमध्ये उतरतं, ठिपक्यांच्या अक्षरांसकट.

तोच एआरएम लॅपटॉप, तेच गट. सगळे अहवाल जुळले, ४.३९ देखील. मग मुद्दाम सॉफ्टफ्लोट बंद करून पाहिला आणि फरक परत आला. कारण सापडल्याची खात्री तेव्हा झाली.

आणखी एक पडताळा म्हणून पॅच केलेली एक वेगळी प्रत क्यूएमूमध्ये चालवली. तीही जुळली. पण याला स्वतंत्र साक्ष म्हणता येत नाही. दोन्ही एम्युलेटरांतल्या या गणिताचं मूळ एकाच बर्कली सॉफ्टफ्लोट संचात आहे. खरी कसोटी एकच होती: टेबलावरचा तो घरघरणारा ४८६. तो आणखी थोडा आधी बंद पडला असता, तर ४.३८ हे उत्तर चुकीचं आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नसतं.

सीरियल पोर्टचा निर्णय

जुन्या नोंदी आणि जुना हिशेब मार्गी लागला. आता नवी मोजमापं. ८६बॉक्समध्ये यजमान संगणकाचा सीरियल पोर्ट आत जोडता येतो. यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावून ओढण्याच्या यंत्राशी बोलणं सुरू केलं आणि आकडे आले. पण अधूनमधून एकच आकडा दोनदा नोंदला जाऊ लागला.

प्रोग्रॅम यंत्राला एक अक्षर पाठवतो, उत्तराची थोडा वेळ वाट पाहतो, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारतो. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक अक्षर जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे जुन्या संगणकावर पूर्ण उत्तर चुटकीसरशी यायचं. अडॅप्टरमधली चिप मात्र बाइट साठवून एकदम पाठवते. अशा चिपांत ही थांबण्याची मुदत बहुधा १६ मिलिसेकंदांची ठेवलेली असते. तेवढ्यात प्रोग्रॅमचा धीर सुटायचा, तो पुन्हा विचारायचा, आणि दोन्ही उत्तरं खरी समजून घ्यायचा. मुदत १ मिलिसेकंदावर आणल्यावर त्रास जवळजवळ गेला.

या 'जवळजवळ'वर बरीच चर्चा झाली. अडॅप्टरऐवजी पीसीआय एक्स्प्रेसचं सीरियल कार्ड घ्यायचं, की मुदत आणखी खेळवायची? शेवटी असं ठरलं की नवी मोजमापं एम्युलेटरमधून घ्यायचीच नाहीत. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय, आणि तो सुचवला त्या तंत्रज्ञ बाईंनी. "एकदा जरी आकडा दोनदा आला, तर मी सही कशावर करू?" असं त्यांनी विचारलं. एम्युलेटर आतल्या जगाशी प्रामाणिक राहू शकतो. बाहेरच्या तारेवरचा वेळ त्याच्या हातात नसतो.

तार जोडून संवाद ऐकला. ९६०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट), आणि मोजक्याच आज्ञा. पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो पायऱ्यांची पूर्णांक संख्या वेळेसकट साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवतो. सरासरीही पूर्णांकांनीच काढतो आणि आकडा दोन दशांश स्थळांवर आणण्याचं काम अगदी शेवटी करतो, म्हणजे प्रोसेसर कुठलाही असो, उत्तर एकच. सीमारेषेवरचा आकडा वर न्यायचा की काही मानकं सांगतात तसा जवळच्या सम अंकाकडे वळवायचा, हा प्रश्न त्यानिमित्ताने पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला. तोवर तो नियम कुणी ठरवलेला नव्हता, जुन्या प्रोग्रॅमच्या छपाईने आणि ४८६ मधल्या गणिती विभागाने मिळून तो परस्पर ठरवून टाकला होता. जुन्या अहवालांशी सलगता राहावी म्हणून वर नेण्याचाच नियम ठेवला, पण या वेळी लिहून.

नोंदी बाहेर काढणं

जुन्या नोंदी पाहायला कायम एम्युलेटर उघडावा लागू नये, म्हणून फाइलची रचना उलगडली. टर्बो पास्कलची 'रेकॉर्डची फाइल' म्हणजे एकाच लांबीच्या नोंदी सलग मांडलेल्या. मजकुराच्या प्रत्येक रकान्यात पहिला बाइट लांबीचा, त्यामुळे वीस अक्षरांचा रकाना २१ बाइटांचा. नमुन्यांची रुंदी आणि जाडी ६ बाइटांच्या जुन्या रिअल प्रकारात होती. आजच्या बहुतेक भाषांत तो प्रकारच नाही. त्यात पहिला बाइट घाताचा, १२९ ने वाढवलेला, आणि उरलेल्या पाचांत अंक, शेवटच्या बाइटच्या टोकाला चिन्ह. १ ही संख्या षोडशमानात ८१ ०० ०० ०० ०० ०० अशी दिसते आणि १० ही ८४ ०० ०० ०० ०० २०. एम्युलेटरमध्ये मुद्दाम १० रुंदीचा खोटा नमुना भरून फाइलमध्ये कोणते बाइट बदलले ते पाहिलं, आणि रकाने पटापट सापडत गेले. जिवंत प्रोग्रॅम हाताशी असण्याचा हा फायदा आम्ही आधी धरलाच नव्हता.

दोन गोष्टी वाटेत दिसल्या. १९८० च्या तारखांच्या नोंदी म्हणजे बॅटरी संपल्यानंतरच्या. त्या कागदी वहीतल्या आधीच्या-नंतरच्या नोंदींवरून जुळवल्या, पण मूळ तारीखही वेगळ्या रकान्यात तशीच ठेवली. दुसरी गोष्ट नाजूक होती. मजकुराच्या रकान्यात लांबीपलीकडचे बाइट पुसले जात नाहीत. 'क-१२' या नावामागे आधीच्या कुठल्या तरी लांब नावाचं शेपूट तसंच पडून होतं, आणि त्यात ग्राहकांच्या नावांचे तुकडे होते. बाहेर काढताना लांबीपुरताच मजकूर घेतला, आणि डिस्कची मूळ प्रत बाहेर कुणाला द्यायची नाही असा नियम केला.

निष्पत्ती

रोजचं काम आता नव्या छोट्या प्रोग्रॅमवर चालतं. जुन्या नोंदी मजकूर फाइलींत आहेत आणि कुठल्याही साधनाने शोधता येतात. ८६बॉक्समधला जुना प्रोग्रॅम क्वचित उघडला जातो, तो एखाद्या जुन्या अहवालाबद्दल शंका आली तर किंवा नव्या प्रोग्रॅममध्ये बदल केला की त्याला ताडून पाहायला. जुना संगणक पुढे सुरू होईनासा झाला. बॅटरी गळून बोर्डावरच्या रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. काम अडलं नाही.

एम्युलेटरची ठरावीक आवृत्ती, सेटिंगची फाइल, रॉम फाइली आणि डिस्कची प्रत एकत्र बांधून ठेवली आहे. सोबत सॉफ्टफ्लोट चालू ठेवण्याचं कारण ४.३९ च्या उदाहरणासह लिहिलेलं आहे. नवी आवृत्ती घ्यायची तर तेच निवडक गट आधी ताडायचे, मगच जुनी काढायची.

वेगळं काय करता आलं असतं

तुलनेचे गट पहिल्यांदा काळानुसार निवडले गेले. सीमारेषेवरचे आकडे मुद्दाम शोधून घेतले असते, तर फरक योगायोगाने न सापडता ठरवून सापडला असता. बेरीज विषम असलेले गट निवडणं एवढं सोपं काम होतं.

पहिल्या प्रयत्नात लॅपटॉपचा प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे याची कुठेच नोंद नव्हती. एम्युलेटर म्हटला की खालचं यंत्र गौण, अशी एक समजूत आहे. गणिताच्या प्रोग्रॅमला ती लावू नये.

मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा शोध फार उशिरा सुरू झाला आणि अर्धवट राहिला. सोर्स कोड मिळाला असता तर एम्युलेटरची गरज टळली नसती, पण फाइलची रचना उलगडण्याची मेहनत वाचली असती.

आणि बॅटरी. जुन्या मदरबोर्डवरची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी संपते तेव्हा ती फक्त तारीख विसरत नाही, गळून बोर्ड खाते. तारखा १९८० ला गेल्या त्याच आठवड्यात ती काढून बाहेरून बॅटरी जोडली असती, तर तो ४८६ आज दुसऱ्या प्रोग्रॅमच्या तुलनेलाही उपयोगी पडला असता. प्रयोगशाळेत त्याच काळातला आणखी एक संगणक आहे, भट्टीच्या तापमानाच्या नोंदी ठेवणारा. त्याची बॅटरी आता काढली आहे, डिस्कची प्रत घेतली आहे, आणि अहवालांचे गट या वेळी सीमारेषेपासून निवडायला घेतले आहेत.